बेसची तार नुसती सैल करून खर्ज मिळत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रिक बेसच्या खालच्या ट्यूनिंगवर आलेला लेख वाचला. मराठी पेपरात बेस गिटारवर अख्खं पान येतं ही गोष्टच मला इतकी भारी वाटली की मी ते कापून ठेवलंय, कारण एरवी बँडबद्दल लिहिताना गाणारा, गिटारवाला आणि फार तर ड्रमर यांच्यापुढे कुणी जात नाही. पण त्या लेखात मधेच एक सल्ला आहे, की हेवी आवाज हवा असेल तर बेसची सगळ्यात जाड तार सी पर्यंत नाहीतर बी पर्यंत सैल करा, झालं काम, वेगळं काही करावं लागत नाही. हे पत्र त्या एका सल्ल्यासाठी लिहितोय. थोडं लांब होईल, पण पूर्ण छापा अशी विनंती आहे कारण अर्धवट छापलं तर पुन्हा तोच घोटाळा होईल.

झालं असं की लेख आल्यानंतर चारच दिवसांनी माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी बेस घेऊन आली, सोळा वर्षांची आहे, वर्षभर मनापासून वाजवतेय, आणि दारातूनच म्हणाली सर माझा बेस खराब झालाय, नेक (म्हणजे वाद्याची दांडी) वाकडी झालीय बहुतेक. हातात घेऊन बघितला तर चारही तारा बरोबर पाच-पाच सेमीटोन (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून लागोपाठच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) खाली, म्हणजे नेहमीच्या ई ए डी जी ऐवजी बी ई ए डी, आणि तारा मात्र त्याच जुन्या, १०५ चा सेट (सगळ्यात जाड तार इंचाच्या १०५ हजारांश जाडीची). पहिल्या तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बोट ठेवलं की सूर येतच नव्हता, नुसती खरखर. तंबोऱ्याच्या जवारीतला झंकार वेगळा, तो कुणीतरी कान लावून मेहनतीने काढलेला असतो, इथे तार फ्रेटवर आपटून मरत होती. तिला वाटत होतं तिच्या हातून वाद्य गेलं. वाद्याला काहीही झालेलं नव्हतं. तिने पेपरात लिहिलंय तेच आणि तेवढंच केलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो, तारेची लांबी, तारेचा ताण आणि तारेचं वजन (म्हणजे दर इंचाला ती किती जड आहे ते). मेर्सेन नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात हे लिहून ठेवलंय आणि आजही तार बनवणारी प्रत्येक कंपनी तेच गणित वापरते. सूर खाली न्यायचा तर तीन वाटा, तार लांब करा, तार जड करा, नाहीतर ताण कमी करा. लेखात फक्त तिसरी वाट सांगितलीय आणि तिन्हीतली तीच सगळ्यात वाईट आहे, कारण ताण सुराच्या कंपनांच्या (सेकंदाला तार किती वेळा हलते त्याच्या) वर्गाच्या हिशोबाने पडतो. एक सेमीटोन उतरलात की ताण ११ टक्के कमी होतो. दोन सेमीटोन, म्हणजे ई ची डी केली की साधारण २१ टक्के. ई वरून सी वर आलात की ३७ टक्के. आणि ई वरून बी वर आलात की ४४ टक्के ताण गेला, म्हणजे जवळजवळ अर्धा! १०५ ची ई तार ३४ इंची बेसवर (वाजणाऱ्या तारेची लांबी, म्हणजे स्केल, ३४ इंच) साधारण ४० पौंडाने म्हणजे १८ किलोच्या आसपास ओढलेली असते, तीच बी ला लावली की दहा किलोवर येते. हाताला लगेच कळतं, तार रबरासारखी लागते.

आणि हे फक्त हाताला कसं लागतं एवढ्यावर थांबत नाही. ताण कमी झाला की त्याच जोराने छेडलेली तार जास्त लांब झुलते, सी वर दीडपटीहून जास्त, आणि तेवढी जागा फ्रेटच्या वर नसतेच, म्हणून ती आपटते. दुसरं म्हणजे सैल तार छेडल्यावर क्षणभर ताणली जाते आणि सूर वर उडी मारून मग खाली येऊन बसतो. घट्ट तारेतही हे होतं पण कानाला कळत नाही इतकं थोडं, सैल तारेत मात्र चांगलंच कळतं. गाणं फास्ट असेल तर तो सूर बसायच्या आतच पुढचा सूर आलेला असतो, म्हणजे अख्खं गाणंभर बेस चढाच वाजतो आणि गिटारवाला म्हणतो तुझा ट्यूनर बिघडलाय.

हे मला कसं माहीत, तर मी स्वतः यातून गेलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या बँडच्या गिटारवाल्याने ठरवलं की आता ड्रॉप सी, म्हणजे सगळ्या तारा दोन सेमीटोन खाली आणि सगळ्यात जाड तार चार सेमीटोन खाली, सी जी सी एफ. मी पण तसंच केलं, तारा त्याच. घरी एकट्याने वाजवताना आवाज इतका अवाढव्य वाटायचा की मी खूष, खोलीच्या काचा थरथरायच्या. मग रेकॉर्डिंगला बसलो आणि सगळी वाद्यं एकत्र ऐकली तर बेस नाहीच. फेडर वर केला तर घुमतोय, खाली केला तर गायब. रेकॉर्डिंग करणारा माणूस शांत स्वभावाचा होता, त्याने माझा एकट्याचा ट्रॅक लावला, स्क्रीनवर ट्यूनर उघडला आणि एकेक सूर थांबवून दाखवला. प्रत्येक सूर सी शार्पकडे सरकून सुरू होत होता आणि विरत विरत सी वर येत होता. त्यात भर म्हणजे मी तार उघडी सोडून, ती पूर्ण शांत झाल्यावर सुई बघून लावलेली, म्हणजे जो सूर ऐकणाऱ्याला कधी ऐकूच येत नाही तो सूर मी बरोबर लावला होता. दिवसभराचं काम फुकट गेलं. दोन आठवड्यांनी जाड तारा लावून परत गेलो आणि त्याच अँपवर, त्याच बेसवर, पहिल्याच टेकला बेस जागेवर बसला. तो फरक मी कधी विसरणार नाही.

म्हणून सांगतो, ताण तसाच ठेवायचा आणि वजन वाढवायचं. हिशोब सोपा आहे. ई वरून बी वर जाताना ताण तोच हवा तर तार पावणेदोनपटीहून थोडी जास्त जड हवी, म्हणजे जाडी साधारण सव्वा ते दीड पटीच्या मधे कुठेतरी, १०५ ची १४० येते. प्रत्यक्षात पाच तारांच्या सेटमधली बी १२५ ते १३५ ची असते, थोडी सैल पण चालण्यासारखी. सी साठी गणिताने १३० च्या जवळपास. डी साठी ११८ वगैरे, आणि डी ला १०५ चीच ठेवली तरी एकवेळ चालतं, २१ टक्के ताण बहुतेक हात सांभाळून घेतात, म्हणूनच ड्रॉप डी इतकं सगळीकडे दिसतं. नुसत्या ड्रॉप डी साठी तर एक खटक्याची खुंटी मिळते, खटका ओढला की ई ची डी, परत दाबला की ई. एक बारीक गोष्ट त्यातही आहे, जाड तार सैल झाली की नेकवरचा भार कमी होतो आणि बाकीच्या तीन तारा किंचित चढतात, म्हणून ड्रॉप डी केल्यावर त्या तिन्ही पुन्हा तपासायच्या. हे कुणी सांगत नाही.

तंबोऱ्याकडे बघा ना. खर्जाची तार पितळेची आणि बाकीच्यांपेक्षा जाड असते, जोडीची पोलादी तार सैल करून कुणी खर्ज लावत नाही. पियानोतही खालच्या तारांवर तांबं गुंडाळून त्या जड करतात आणि जितका पियानो लांब तितका खालचा सूर खरा लागतो. ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या उभ्या बेसवाल्यांना ई च्या खाली सी पर्यंत जायचं असतं तेव्हा ते काय करतात, तर तार डोक्यावरून वर नेऊन तिची लांबीच वाढवतात, त्यासाठी वाद्याच्या डोक्यावर जास्तीची पट्टी बसवलेली असते, किंवा पाचवी बी तार असलेला बेस घेतात. म्हणजे कुणी लांबी वाढवली, कुणी वजन वाढवलं. ज्यांचं आयुष्य खर्जात गेलं त्यांनी आधी ही दोनच दारं ठोठावली.

इलेक्ट्रिक बेसचंही तसंच. १९५१ ला फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला तेव्हा ३४ इंच स्केल आणि ई ए डी जी असं जे ठरलं ते आजपर्यंत चाललंय. १९७५ साली बेसवादक अँथनी जॅक्सनने वाद्यं बनवणाऱ्या कार्ल थॉम्पसनकडून सहा तारांचा बेस बनवून घेतला, खाली बी, वर सी. पुढे ऐंशीच्या दशकात कीबोर्डवरचा सिंथ बेस ई च्या खालचे सूर सर्रास वाजवायला लागला तेव्हा पाच तारांचे बेस पटापट पसरले. त्या बी साठी काही जणांनी स्केल ३५ इंच केलं, त्याने त्याच तारेला ताण ६ टक्के वाढतो. तिरके फ्रेट असलेले बेस येतात, जाड तार ३७ इंच आणि बारीक तार ३४ इंच, तिथे जाड तारेला ३४ इंचाच्या मानाने १८ टक्के जास्त ताण मिळतो आणि फरक खरंच ऐकू येतो, ती बी पियानोसारखी वाजते. उलट ३० इंची छोट्या बेसवर तीच तार त्याच सुरात २२ टक्के सैल असते, म्हणून लहान बेस घेऊन बी लावायचा हट्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कुणी म्हणेल ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडने तर तारा सैलच केल्या होत्या. खरंय. १९७१ मध्ये ते तीन सेमीटोन खाली आले, सी शार्पवर, आणि त्यांचा बेसवाला गीझर बटलर याचा बेस पण सोबत खाली आला. पण कारण बघा, गिटार वाजवणारा टोनी आयोमी डावखुरा, कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेलेली, त्याला तारा मऊच हव्या होत्या, त्या हाताला त्या ताणात वाजवता येत होतं. म्हणजे सैल तार ही त्याची गरज होती आणि त्याने हात, अँप, वाजवायची पद्धत सगळं तिच्याभोवती बसवलं. सैल तारेचा एक स्वभाव असतो आणि तो कुणाला मनापासून हवा असेल तर माझी काही हरकत नाही, हळू, लांब सूर, बोटांचा हलका हात, त्यात तो जो थोडा लटकलेला आवाज येतो तो सुंदर असतो. पण तो निवडलेला असावा. आपल्याला घट्ट, ठोस खर्ज हवाय आणि हातात आलाय लटकलेला, हे त्या मुलीचं झालं होतं.

पुरवणीतल्या लेखात अजून एक गृहीत धरलंय, की गिटार जितकी खाली जाईल तितकं बेसने खाली गेलंच पाहिजे. नाही हो. गिटार मुळात बेसच्या एक सप्तक वर असते. गिटारवाल्याने खालची तार बी ला लावली तर ती ६२ हर्ट्झची (सेकंदाला ६२ हेलकावे) बी, आणि हा सूर आपल्या साध्या ई ए डी जी बेसवर ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आयता बसलाय. आठ तारांच्या गिटारची सगळ्यात खालची एफ शार्प ४६ हर्ट्झची, ती आपल्या ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. म्हणजे एकही खुंटी न फिरवता बेस त्या गिटारशी सूर मिळवून वाजू शकतो! त्याच्याही एक सप्तक खाली जायचं म्हटलं तर २३ हर्ट्झ, माणसाचा कान २० च्या आसपास संपतो, तिथे सूर ऐकू येण्यापेक्षा हादरा जास्त जाणवतो. कॉर्न या बँडचा बेसवाला फील्डी पाच तारांच्या बेसची बी आणखी एक टोन (दोन सेमीटोन) उतरवून ए ला लावायचा, २७.५ हर्ट्झ, पियानोची सगळ्यात शेवटची पट्टी, आणि त्याचा जो आवाज आपल्या लक्षात राहतो तो खालचा हादरा नसून वरची टकटक आहे. मी स्वतः कुठल्याही गाण्यात आधी साध्या ट्यूनिंगमध्ये वाजवून बघतो, आणि खरंच एखादा सूर खाली नाहीये म्हणून गाणं अडतंय असं वाटलं तरच उतरतो.

स्पीकरचंही थोडं सांगायला पाहिजे कारण सगळी भांडणं तिथे होतात. उघडी ई ४१ हर्ट्झची, सी ३२.७ ची, बी ३१ च्या जवळ. बेसच्या बहुतेक कॅबिनेटचा आवाज ५०-६० च्या खाली उतरायला लागतो, म्हणजे ई चा मूळ सूरसुद्धा पूर्ण जोरात बाहेर येत नाही, आपला कान वरच्या ८२, १२३ अशा स्वरांवरून खालचा सूर मनातल्या मनात बांधतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर बेसची धून ओळखू येते ती याचमुळे. आता तार सैल आणि खरखरणारी असेल तर हे वरचे स्वरच गढूळ होतात आणि कानाला बांधायला काही उरत नाही, मग वाजवणारा काय करतो तर अँपचं बेसचं बटण फुल करतो. तिथे सगळं बिघडतं. स्पीकरला तेवढाच आवाज ४१ ऐवजी ३१ वर काढायचा तर त्याच्या पडद्याला पावणेदोनपट जास्त आत-बाहेर जावं लागतं, तो दमतो, बाकीचा आवाजही मळतो. उलट करायचं. ३० च्या खालचं सगळं कापून टाकायचं, ८० ते १२० मध्ये थोडं अंग द्यायचं आणि ७०० ते १००० च्या मधे जी गुरगुर असते ती बाहेर काढायची. बी तेव्हा ऐकू येते. पहिल्यांदा करताना मनाला पटत नाही, खर्ज हवाय आणि आपण खर्ज कापतोय, पण करून बघा.

तसंच खाली गेल्यावर दोन सूर एकदम वाजवायचा मोह टाळा. सी आणि त्याच्या वरचा ई एवढ्या खाली एकत्र वाजवले की नुसती घरघर येते, तोच ई एक सप्तक वर घेतला की कसा मोकळा वाजतो. आणि उजवा हात थोडा ब्रिजकडे (वाद्याच्या अंगावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिकडे) सरकवून, हलका ठेवून वाजवा, जोर अँपला करू द्या.

आता त्या मुलीच्या बेसचं काय केलं ते नीट सांगतो, कारण ज्यांनी लेख वाचून तारा सैल केल्यात त्यांना हेच करायचंय. पहिल्यांदा तिच्यासमोर पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरला आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधे फट किती आहे ते बघायला सांगितलं. साध्या कागदाची बारीक पट्टी सरकवली तर गेलीच नाही, तार फ्रेटला चिकटलेली. तिथे ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी, साधारण तीन कागद. कारण असं की चार तारा मिळून नेकला ७०-८० किलोने पुढे ओढत असतात आणि नेकच्या आतली ट्रस रॉड तिला मागे ओढून धरते, दोघांची रस्सीखेच बरोबरीची असते. तिने एका बाजूने दोर जवळजवळ अर्धा सोडला, रॉड जिंकली आणि नेक मागे झुकली. ती म्हणाली म्हणजे वाकली ना सर! मी म्हटलं अगं वाकली नाहीये, दुसऱ्या बाजूचा दोर धरला की परत येते. रडू आवरून हसली.

मग पाच तारांचा ४५ ते १३० चा सेट आणला आणि त्यातली बारीक जी बाजूला ठेवून १३०, १०५, ८५, ६५ या चार घेतल्या. एक एक तार काढायची आणि लगेच नवीन लावायची, चारही एकदम काढून नेकला मोकळी सोडायची नाही. जाड तार कापण्याआधी ती खुंटीपाशी काटकोनात वाकवून घ्यायची आणि मग वाकलेल्या भागाच्या पुढे कापायची, सरळ कापली तर वरची गुंडाळी आतल्या तारेवर सैल होते आणि आवाज मेला म्हणून समजा. १३० ची तार खुंटीच्या खाचेत मावते का हे आधी बघून घ्या, काही बेसवर मावत नाही, तिथे टोकाला निमुळती होणारी तार घ्यावी लागते.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे नट, खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. १०५ साठी कापलेल्या खाचेत १३० बसत नाही, वर अधांतरी राहते किंवा अडकून बसते आणि ट्यूनिंग करताना टक टक करत उड्या मारते. लोक लगेच कानस घेऊन खाच रुंद करतात. कृपया करू नका. एकदा रुंद केलेली खाच परत अरुंद होत नाही, उद्या साध्या ट्यूनिंगवर यायचं म्हटलं की बारीक तार त्यात डगडगते. मी तिचा मूळ नट हळूच ठोकून काढला आणि नवीन नट कापून बसवला. हाताला सवय नसेल तर हे काम करणाऱ्या माणसाकडे द्या.

तारा चढवून बी ई ए डी ला आणल्या आणि पुन्हा सातव्या फ्रेटपाशी बघितलं तर फट स्वतःहून परत आलेली, कारण ताण जवळजवळ पहिल्याइतका झाला. रॉडला हातही लावावा लागला नाही. लावावा लागलाच असता तर पाव पाव फेराच, मधे थांबून. बी तारेची ॲक्शन (फ्रेटपासूनची उंची) मात्र केसभर वर घेतली. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर मिळवून बघितले, दाबलेला सूर चढा येत होता, जाड तारेत असंच होतं, म्हणून बी चं सॅडल (ब्रिजवर तार ज्याच्यावर टेकते तो तुकडा) मागे मागे घेतलं, अगदी शेवटच्या टोकापर्यंत, तेव्हा जुळलं.

आणि ट्यूनर. बी ला सेकंदाला ३१ च हेलकावे असतात, बरेच ट्यूनर तिथे गोंधळतात, फोनचा माइक तर तो सूर धड ऐकतही नाही. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवून लावा, तो एक सप्तक वर असतो, सुई लगेच थांबते. त्यानंतर गाण्यात जितक्या जोराने वाजवणार तितक्या जोराने उघडी तार छेडा आणि सूर सुरुवातीलाच कुठे येतो ते बघून शेवटचा हात फिरवा. ही सवय मला त्या रेकॉर्डिंगने लावली.

सगळं मिळून दीड तास गेला, त्यातला तासभर नटमध्ये. तिने प्लग लावला, उघडी बी एकदाच वाजवली आणि तो सूर पूर्ण विरेपर्यंत तिने दुसरी तार छेडली नाही, तसाच हात वर धरून ऐकत बसली.

संपादक साहेब, माझी विनंती इतकीच की पुढच्या पुरवणीत त्या सल्ल्याची दुरुस्ती छापा, चौकटीत छापलीत तर उत्तम, की दोन सेमीटोनच्या खाली जायचं असेल तर तारा बदला, आणि ज्यांनी आधीच सैल केल्यात त्यांनी घाबरू नये, बेस बिघडलेला नाही, तारा परत ई ए डी जी ला आणल्या की नेक एक-दोन दिवसात जागेवर येते. लेख लिहिणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, त्यांनी विषय काढला म्हणून तर हे बोलता आलं, आणि त्यांनी पुढचा लेख या तारांच्या वजनावर लिहावा, मी पहिला वाचेन.

त्या मुलीने सेटमधली उरलेली ४५ ची जी तार आणि जुना नट एकाच पाकिटात घालून बेसच्या बॅगेत ठेवलाय. पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या एका बँडबरोबर साध्या ट्यूनिंगमध्ये वाजवायचंय, तेव्हा लागेल.

आपला,
एक बेसवादक आणि तुमचा नेहमीचा वाचक